जुन्या संगणकाची जोपासना

टपालाचीं तिकिटें, जुनीं नाणीं, शिंपले किंवा फुलपांखरें जमविणारे विद्यार्थी प्रत्येक शाळेंत असतात, आणि त्यांच्या छंदाविषयीं वडील मंडळी फारशी तक्रार करीत नाहींत. तिकीट वहींत चिकटवून ठेवलें आणि दहा वर्षांनीं पाहिलें, तरी तें तिकीटच असतें. ज्या छंदाविषयीं येथें चार शब्द लिहावयाचे आहेत त्याची गोष्ट मात्र निराळी आहे. जुना संगणक नुसता पेटींत घालून ठेवला, तर कांहीं वर्षांनीं त्या पेटींत संगणकाच्या आकाराची एक वस्तु तेवढी उरते. त्याला राखावयाचें म्हणजे चालता राखावयाचें. आणि चालता राखतां राखतां त्याचें अंतरंग समजून घ्यावयाचें, हेंच ह्या छंदाचें सुख आहे आणि हीच त्याची अडचण आहे.

हा विषय सुचण्याचें कारण घरचेंच आहे. गेल्या मे महिन्याच्या सुटींत आपल्या शाळेची जिन्याखालची अडगळीची खोली चुना लावण्यासाठीं रिकामी केली. मोडक्या बाकांच्या मागें, फाटक्या नकाशांच्या गुंडाळ्यांखालीं, एक जड, मळकट पिवळ्या रंगाची प्लॅस्टिकची पेटी निघाली. तिच्या पुढच्या भागांत टंकलेखन यंत्रासारख्या कळा होत्या आणि त्यांच्या वरच्या ओळींत दहा तांबड्या कळा होत्या. शेजारीं बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. त्यांत अकरा कॅसेटी आणि सहा फ्लॉपी होत्या. एका कॅसेटीवर निळ्या शाईनें, सुवाच्य अक्षरांत लिहिलें होतें: 'इयत्ता ९ वी, पर्जन्यमापन, जून ते सप्टेंबर १९८८'. शाळेच्या अंगणांतील पर्जन्यमापकाची त्या वर्षाची नोंदवही वाळवीनें खाल्ली आहे, हें मला ठाऊक होतें. तेव्हां त्या पेटीहून तो डबा अधिक मोलाचा आहे, हें माझ्या तत्काळ ध्यानांत यावयास हवें होतें. तें आलें नाहीं. त्याचा परिणाम काय झाला तें पुढें सांगणारच आहें.

प्रथम यंत्राची ओळख करून घेऊं. संगणक हा आरंभीं विद्यापीठांच्या, लष्कराच्या आणि मोठ्या कचेऱ्यांच्या मालकीचा होता. तो खोलीभर जागा व्यापी आणि त्याच्या दिमतीस स्वतंत्र नोकरवर्ग लागे. १९७७ सालीं अमेरिकेंत ॲपल टू, कमोडोर पेट आणि टीआरएस-८० हीं तीन यंत्रें बाजारांत आलीं, आणि सामान्य गृहस्थाच्या मेजावर मावेल असा तयार संगणक विकत मिळूं लागला. पुढच्या सात-आठ वर्षांत अशा यंत्रांचें जणूं पीकच आलें. १९८२ सालीं इंग्लंडांत सिंक्लेअर कंपनीचा झेडएक्स स्पेक्ट्रम निघाला, त्याच सालीं अमेरिकेंत कमोडोर ६४ निघाला. घरचा दूरचित्रवाणीसंच हा त्यांचा पडदा आणि गाणीं ऐकण्याचा टेपरेकॉर्डर हें त्यांचें कोठार. बटन दाबतांच, चहाचा कप उचलावयाच्या आंत, यंत्र हुकुमाची वाट पाहत उभें राही. आजचीं यंत्रें ह्या बाबतींत मागें गेलीं आहेत, असें म्हणावयास हरकत नाहीं.

आमच्या अडगळींतून निघालेलें यंत्र ह्याच पिढींतलें, परंतु लोकशिक्षणाच्या हेतूनें घडविलेलें आहे. ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशन म्हणजे बीबीसी. ह्या संस्थेनें सर्वसाधारण लोकांना संगणकाचें ज्ञान करून देण्याची एक योजना आंखली. दूरचित्रवाणीवरील पाठांबरोबर लोकांच्या हातीं द्यावयास एक यंत्र हवें होतें. केंब्रिज येथील एकॉर्न नांवाच्या लहानशा कंपनींतील सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर ह्यांनीं १९८१ सालीं त्याचा पहिला नमुना एका आठवड्याच्या आंत उभा केला. कंपनीचे एक संस्थापक हरमान हाउझर ह्यांनीं त्या दोघांना निरनिराळें गांठून, 'हें जमण्यासारखें आहे असें दुसऱ्याचें मत आहे,' असें प्रत्येकास सांगितलें आणि होकार मिळविला, अशी आख्यायिका आहे. डिसेंबर १९८१ मध्यें यंत्र विक्रीस निघालें. मोठ्या नमुन्याची किंमत आरंभीं ३३५ पौंड होती, ती लौकरच ३९९ पौंड झाली. तरीहि एकंदर पंधरा लाखांच्या घरांत यंत्रें खपलीं आणि ब्रिटनमधील बहुतेक शाळांत तें जाऊन पोंचलें. आपल्या देशांत १९८४ सालीं केंद्र सरकारनें 'क्लास' नांवाची योजना सुमारें २५० शाळांत सुरू केली, तिच्यासाठीं हेंच यंत्र निवडण्यांत आलें. ज्या पालकांनीं त्या काळांत शाळा पाहिली, त्यांपैकीं कित्येकांना संगणकाचें पहिलें दर्शन ह्याच तांबड्या कळांनीं घडलें असेल; बहुधा बूट दाराबाहेर काढून, आणि यंत्राला हात न लावतां!

अशा यंत्रांत आज पाहण्यासारखें काय आहे, असा प्रश्न विद्यार्थी विचारतील. ह्या यंत्राची सारी स्मृति ३२ किलोबाइट, म्हणजे ३२,७६८ अक्षरें मावतील एवढी. आजच्या मोबाइलवर काढलेल्या एका छायाचित्राला हिच्या शंभरपट जागा सहज लागते. परंतु लहान असण्यांत एक मोठा लाभ आहे. मोबाइलच्या पोटांत काय चाललें आहे हें संपूर्णपणें जाणणारा एकहि मनुष्य पृथ्वीवर नसेल. हें जुनें यंत्र मात्र नववी-दहावींतील चिकाटीचा विद्यार्थी एका वर्षांत नखशिखांत समजूं शकतो. त्याच्याबरोबर येणारें मार्गदर्शक पुस्तक सुमारें पांचशें पानांचें आहे आणि त्यांत यंत्राचें फारसें कांहीं लपविलेलें नाहीं. बेसिक ही भाषा त्याच्या आंत कायमची कोरलेली आहे. बटन दाबतांच ती तयार असते. 'प्रिंट' हा शब्द आणि त्यापुढें अवतरणचिन्हांत स्वतःचें नांव लिहून कळ दाबली कीं तें नांव पडद्यावर उमटतें. दोन ओळी अधिक लिहिल्या तर तें हजार वेळां उमटतें. आमच्या शाळेंतील पांचवीच्या मुलांनीं हा प्रयोग केला तेव्हां त्यांना जो आनंद झाला, तो हातांतल्या महागड्या मोबाइलनें त्यांना कधीं दिला असेल असें मला वाटत नाहीं.

ह्या तुटपुंज्या जागेंत लोकांनीं काय काय बसविलें, हें पाहणें हा ह्या छंदांतील सर्वांत गोड भाग आहे. एकच उदाहरण देतों. १९८४ सालीं डेव्हिड ब्रॅबेन आणि इयान बेल ह्या केंब्रिजच्या दोन विद्यार्थ्यांनीं ह्या यंत्रासाठीं 'एलिट' नांवाचा खेळ रचला. खेळणारा आपलें यान घेऊन आकाशांत ग्रहाग्रहांवर व्यापार करीत हिंडतो. आकाशगंगा आठ, आणि प्रत्येक गंगेंत २५६ ग्रह. म्हणजे २,०४८ ग्रह. प्रत्येकाला स्वतःचें नांव, राज्यपद्धति आणि बाजारभाव. पडद्यावरच्या चित्रासाठीं स्मृतींतील बराच भाग खर्चीं पडल्यावर उरलेल्या जागेंत हें विश्व कसें मावलें? तें त्यांनीं मुळीं सांठविलेंच नाहीं. त्यांनीं फक्त तीन संख्या घेतल्या. तिन्हींची बेरीज करावयाची, पहिली संख्या सोडून द्यावयाची, आणि बेरीज शेवटीं जोडावयाची. विद्यार्थ्यांनीं १, २, ३ घेऊन कागदावर करून पाहावें: ६ येतात; मग २, ३, ६ ह्यांचे ११; मग ३, ६, ११ ह्यांचे २०; पुढें ३७. संख्या फार वाढली तर ६५,५३६ नें भागून बाकी तेवढी ठेवावयाची. अशा रीतीनें निघत जाणाऱ्या संख्यांच्या घटकांवरून ग्रहाचें नांव व गुण ठरवावयाचे. बीज तेंच घेतलें तर प्रत्येक वेळीं तेंच विश्व पुन्हां उगवतें. मसाल्याच्या डब्याएवढ्या जागेंत शेत नव्हे, बियाणें ठेवण्याची ही युक्ति आहे.

आणखी एक गोष्ट पालकांच्या खिशाशींच संबंध ठेवते. ह्या यंत्राच्या पोटाखालीं दुसरा प्रक्रियक जोडण्यासाठीं एक खास मार्ग ठेवलेला होता. विल्सन व फर्बर ह्यांनीं पुढें एक नवा प्रक्रियक योजिला; त्याची कागदोपत्रीं परीक्षा विल्सन ह्यांनीं ह्याच यंत्राच्या बेसिक भाषेंत केली, आणि २६ एप्रिल १९८५ रोजीं पहिली चिप तयार होऊन आली तेव्हां ती ह्याच यंत्राला जोडून चालवून पाहण्यांत आली. त्या प्रक्रियकाचें नांव एआरएम. आज जगांतील जवळजवळ प्रत्येक मोबाइलच्या आंत त्याचेच वंशज काम करीत आहेत. तेव्हां आपल्या अडगळीच्या खोलींत जी पेटी सांपडली ती त्या घराण्याची सुईण आहे, असें म्हटलें तर अतिशयोक्ति होणार नाहीं.

आतां माझ्या उतावीळपणाची कथा. यंत्र मेजावर मांडलें, फडक्यानें वरवर पुसलें, आणि नववीच्या दहा-बारा विद्यार्थ्यांदेखत बटन दाबलें. प्रथम सर्व यथास्थित झालें. एक लांब, खर्जांतला ध्वनि, मागोमाग एक तोकडी शिट्टी, आणि पडद्यावर यंत्राचें नांव. टाळ्या पडल्या. सुमारें दहा मिनिटांनीं पेटींतून 'फट्' असा आवाज आला, आणि पाठीमागच्या फटींतून असा कांहीं उग्र, करपट धूर निघाला कीं वर्ग रिकामा करावा लागला.

ह्या धुराचें कारण समजून घेण्यासारखें आहे. वीजपुरवठ्याच्या डब्यांत, बाहेरून येणाऱ्या विजेच्या दोन तारांमध्यें, कागद आणि धातूचा वर्ख ह्यांच्या वळकटीचा एक लहान कपॅसिटर बसविलेला असतो. यंत्रांत उत्पन्न होणारा विजेचा गोंगाट घरांतील इतर तारांत शिरूं नये, हें त्याचें काम. तीस-चाळीस वर्षांत त्याच्या पारदर्शक कवचाला केसाएवढ्या भेगा पडतात. त्या भेगांतून हवेंतील ओलावा कागदांत शिरतो. आणि पुष्कळ दिवसांनीं २३० व्होल्टची वीज अंगावर येतांच कागद जळतो. आमच्यासारख्या समुद्रकांठच्या गांवीं, चार महिने भिंतींनाहि घाम फुटतो तेथें, ह्यांत नवल कसलें? ह्या अपघातानें यंत्राला सहसा इजा होत नाहीं. बाजारांतून नवीन, सुरक्षित जातीचे कपॅसिटर आणून बसविले कीं काम भागतें. खर्च वडापावच्या हिशेबांतला. पण बटन दाबण्यापूर्वीं जें करावयाचें तें मीं धुरानंतर केलें. विद्यार्थ्यांनीं मात्र तो धातूचा डबा केव्हांहि उघडूं नये. तार भिंतीपासून सोडविली तरी आंतील कपॅसिटरांत वीज कांहीं काळ दबा धरून बसते. हें काम विजेच्या उपकरणांची दुरुस्ती जाणणाऱ्या मोठ्या माणसाकडूनच करवून घ्यावें, आणि तें करीत असतांना शेजारीं बसून पाहावें.

ह्याहून वाईट गोष्ट दुसऱ्या दिवशीं घडली, आणि तिच्यांत धूर निघाला नाहीं. पर्जन्यमापनाची ती कॅसेट मीं घरच्या जुन्या टेपरेकॉर्डरांत घातली. त्या टेपरेकॉर्डरांतील रबरी चाक वयोमानानें चिकट झालें होतें. तें बोटानें चांचपून पाहावयास एक क्षण लागला असता. विसाव्या-बाविसाव्या सेकंदाला आवाज घोगरा झाला, आणि मीं कळ दाबीपर्यंत टेप चाकाभोंवतीं गुंडाळली गेली होती. सोडवून पाहिली तों चार बोटें लांबीचा भाग चुरगळून त्यावरील तपकिरी लेप उडालेला. कपॅसिटर नवा मिळाला. ही चार बोटें टेप कोणत्या दुकानांत मिळणार?

हें नुकसान नेमकें किती, हें कळण्यास टेपेवर माहिती कशी लिहिली जाते तें पाहिलें पाहिजे. हें यंत्र प्रत्येक अक्षर नादाच्या रूपानें लिहितें. शून्यासाठीं सेकंदास १,२०० कंपनांच्या स्वराचें एक आंदोलन, आणि एकासाठीं २,४०० कंपनांच्या स्वराचीं दोन आंदोलनें. ह्या वेगानें सेकंदाला साधारण १२० अक्षरें टेपेवर उतरतात. कानाला तो रातकिड्यांच्या किरकिरीसारखा आवाज लागतो. माहितीचे २५६ अक्षरांचे खण पाडलेले असतात, आणि प्रत्येक खणाबरोबर एक पडताळ्याची संख्या लिहिलेली असते. वाचतांना हिशेब जुळला नाहीं तर यंत्र 'डेटा?' अशी पृच्छा करतें आणि टेप मागें घेण्यास सांगून थांबतें. एका दिवसाच्या पावसाची नोंद, तिचा ओळक्रमांक धरून, सुमारें पंधरा अक्षरांची होती. म्हणजे एका खणांत सतरा दिवस. माझ्या चार बोटांत एक खण गेला.

हीच गोष्ट एका थोर संस्थेच्या बाबतींत फार मोठ्या प्रमाणावर घडतां घडतां राहिली आहे. १०८६ सालीं इंग्लंडचा राजा पहिला विल्यम ह्याच्या आज्ञेवरून त्या देशांतील जमिनी, नांगर आणि पाणचक्क्या ह्यांची मोजदाद झाली. तिला 'डूम्सडे बुक' म्हणतात. तिला नऊशें वर्षें झालीं, तेव्हां १९८६ सालीं बीबीसीनें नवी मोजदाद करविली. देशाचे चार किलोमीटर लांब व तीन किलोमीटर रुंद असे तुकडे पाडले, ते शाळांना वांटून दिले, आणि मुलांनीं आपापल्या तुकड्यांतील घरें, दुकानें, रोजचें जेवण, खेळ ह्यांचीं वर्णनें लिहून धाडलीं. ह्या कामांत दहा लाखांहून अधिक लोकांचा हात लागला. सर्व मजकूर व छायाचित्रें दोन मोठ्या तबकड्यांवर कोरण्यांत आलीं. त्या वाचण्यास आमच्याच यंत्राचा धाकटा भाऊ, 'मास्टर' नांवाचा संगणक, आणि एक खास प्रकाशकिरणाचा तबकडीवादक लागे. ह्या सरंजामाची किंमत सुमारें ५,००० पौंड होती, त्यामुळें ज्या शाळांनीं मजकूर लिहिला त्यांतील पुष्कळांना तो कधीं पाहावयासहि मिळाला नाहीं! पंधरा वर्षें लोटलीं आणि तबकडीवादक मोडकळीस आले. चर्मपत्रावरील नऊशें वर्षांपूर्वींची वही लंडनमधील क्यू येथील दप्तरांत अजून वाचतां येते. पंधरा वर्षांपूर्वीं मुलांनीं लिहिलेलें वाचतां येईना. पेशवे दप्तरांतील मोडी कागदांना निदान वाचणारे थोडे तरी उरले आहेत. येथें वाचणारें यंत्रच नाहींसें होऊं पाहत होतें. २००२ सालीं लीड्स व मिशिगन येथील विद्यापीठांच्या अभ्यासकांनीं, चालू स्थितींत राहिलेल्या यंत्राच्या साह्यानें, त्या तबकड्यांतील मजकूर आधुनिक संगणकावर उतरवून घेतला. कोठें तरी कोणी तरी तें जुनें यंत्र जिवंत ठेवलें होतें म्हणूनच हें शक्य झालें.

म्हणून ज्याच्या घरीं असें यंत्र सांपडेल त्यानें प्रथम यंत्राकडे न पाहतां डब्याकडे पाहावें. कॅसेटीच्या पाठीमागच्या कांठावरील लहान पट्टी मोडून टाकावी, म्हणजे चुकूनहि तिच्यावर नवें ध्वनिमुद्रण होणार नाहीं. टेपरेकॉर्डरचें मुख स्पिरिटच्या बोळ्यानें पुसावें, चाक तपासावें, आणि ज्या कॅसेटींत कांहीं मोलाचें नाहीं अशी एखादी गाण्याची कॅसेट आधीं लावून पाहावी. मग मूळ टेप एकदां सावकाश पुढें व मागें गुंडाळून घ्यावी, आणि ती एकदांच वाजवून तिचा आवाज आजच्या संगणकावर जसाच्या तसा, न दाबतां, उतरवून घ्यावा. त्या आवाजावरून खण शोधून काढणारे कार्यक्रम फुकट मिळतात. जुनें यंत्र पहिल्या बिघडलेल्या खणापाशींच अडून बसतें. हे कार्यक्रम तो खण सोडून पुढचे वाचतात. अक्षरें सुटून आलीं तरी आवाजाची नक्कल पुसूं नये. उद्यां अधिक हुशार कार्यक्रम निघेल. फ्लॉपीचेंहि असेंच आहे. त्या काळच्या सव्वापांच इंची चकतीच्या एका बाजूवर ह्या यंत्राचें १०० किलोबाइट लिखाण मावतें. चकतीवर पांढुरकी बुरशी दिसली तर ती तशीच यंत्रांत घालूं नये. बुरशी वाचणाऱ्या मुखाला चिकटते आणि पुढच्या चांगल्या चकतीलाहि ओरखडे पडतात. आमच्या सहांपैकीं दोन चकत्यांवर बुरशी होती. त्या अद्याप कोरड्या हवेंत ठेवलेल्या आहेत.

यंत्राची सेवा ह्यामानानें सोपी आहे. झांकणाचे चार स्क्रू आहेत. दोन पाठीमागें, दोन तळाशीं. आणि ओळखावयास सोपें जावें म्हणून त्यांच्याजवळ इंग्रजींत 'फिक्स' असें छापलेलें आहे. असें सौजन्य आजच्या कारखानदारांनीं शिकण्यासारखें आहे. आंतली धूळ मऊ, कोरड्या कुंचल्यानें झाडावी. कित्येक चिपा खांचांत नुसत्या दाबून बसविलेल्या असतात. यंत्र तापतें आणि निवतें, त्यामुळें वर्षानुवर्षें त्या केसाकेसानें वर सरकतात. अंगठ्यानें हलकेच दाबल्या तर 'मेलेलें' यंत्र पुष्कळदां बोलूं लागतें. अर्थात् हें सर्व तार भिंतीपासून सोडवून करावें, आणि हात लावण्यापूर्वीं एखाद्या जमिनीशीं जोडलेल्या धातूला स्पर्श करावा, म्हणजे अंगांतील स्थिर वीज चिपेंत उतरत नाहीं. बटन दाबल्यावर खर्जांतला ध्वनि चालूच राहिला आणि शिट्टी झालीच नाहीं, तर प्रक्रियक जागा झाला नाहीं असें समजावें. मास्टर आणि इतर कांहीं यंत्रांत घड्याळासाठीं बॅटऱ्या असतात. त्या प्रथम काढाव्या, कारण त्या पाझरतात आणि तांब्याच्या रेघा खाऊन टाकतात. पेटी ठेवावयाची ती कोरड्या जागीं, जमिनीपासून उंच आणि कापडानें झांकून. डांबराच्या गोळ्या आंत टाकूं नयेत. त्यांच्या वाफेनें कांहीं जातींचें प्लॅस्टिक मऊ होतें. पावसाळ्यांत आठवड्यांतून एकदां अर्धा तास यंत्र चालवावें, म्हणजे आंतली ओल निघून जाते आणि मुलांनाहि खेळावयास मिळतें.

पिवळ्या पडलेल्या प्लॅस्टिकविषयीं हौशी लोकांत दोन तट आहेत. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हांत ठेवलें तर रंग पूर्ववत् उजळतो; ही युक्ति २००८ च्या सुमारास प्रसिद्धीस आली आणि पुष्कळांनीं ती उचलली. परंतु पिवळेपणा कांहीं वर्षांनीं परत येतो आणि चट्टेहि पडतात. माझें मत असें कीं आजोबांचे केस काळे करूं नयेत. आमचें यंत्र पिवळेंच ठेवलें आहे.

ज्यांच्या घरीं असें यंत्र नाहीं त्यांनीं हिरमुसण्याचें कारण नाहीं. ह्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारे कार्यक्रम, ज्यांना इम्युलेटर म्हणतात, कोणत्याहि साध्या संगणकावर विनामूल्य चालतात. बेसिक शिकावयास आणि एलिट खेळावयास ते पुरेसे आहेत. पुढेंमागें इंग्लंडला जाण्याचा योग आला तर ब्लेचली पार्क येथील राष्ट्रीय संगणक संग्रहालय आणि केंब्रिज येथील संगणक-इतिहास केंद्र हीं दोन स्थळें अवश्य पाहावीं. तेथें हीं यंत्रें कांचेआड ठेवलेलीं नसून पाहुण्यांना चालवूं दिलीं जातात. पालकांस एवढीच विनंति कीं माळ्यावरची अशी एखादी पेटी भंगारवाल्याच्या हातीं देण्यापूर्वीं एकदां शाळेंत दाखवावी. कागदाच्या रद्दींतून पत्र वाचून घेतां येतें. तोडलेल्या यंत्रांतून कांहींच वाचतां येत नाहीं.

शेवटीं त्या पावसाची हकीकत. मीं दुसऱ्या, तपासून घेतलेल्या टेपरेकॉर्डरवर कॅसेट वाजविली, आवाज उतरवून घेतला, आणि आठवीच्या दोन विद्यार्थिनींनीं खण जुळवावयास घेतले. एकूण बारा खण निघाले. नववा गेला होता. १ जून ते ८ ऑगस्ट आणि २६ ऑगस्ट ते ३० सप्टेंबर १९८८ एवढ्या दिवसांचा आपल्या अंगणांतला पाऊस पुन्हां वहींत लिहिला गेला आहे, आणि त्याचा आलेख विज्ञानाच्या खोलींत टांगला आहे. ९ ते २५ ऑगस्ट हे सतरा दिवस त्यांत कोरे आहेत. कॅसेटीच्या दुसऱ्या बाजूवर कांहींहि नाहीं. परंतु कार्यक्रमाच्या पहिल्या ओळींत, लिहिणाऱ्या विद्यार्थ्यानें यंत्रासाठीं नव्हे तर वाचणाऱ्यासाठीं, एक टीप ठेवली आहे: प्रती तीन, एक शाळेंत, दोन घरीं. त्या वर्षीं नववींत असलेले आपले माजी विद्यार्थी आज पालक ह्या नात्यानें हा अंक वाचीत असतील. त्यांपैकीं कोणाच्या कपाटांत तशी कॅसेट असेल, तर कृपा करून ती घरच्या टेपरेकॉर्डरांत घालून पाहूं नये. जशी असेल तशी, डब्यासकट, विज्ञानाच्या खोलींत आणून द्यावी.